उतरलेले वजन राखणारे ताट कसे शोधावे

मार्च महिन्यात ७२ किलोवर आलेला माणूस त्याच वर्षीच्या दिवाळीत पुन्हा ८१ वर कसा पोहोचतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. बेळगावच्या शहापुरातल्या कापडाच्या एका दुकानात मी हिशेब लिहितो आणि दिवसाचे नऊ तास गादीवर बसून काढतो. वजन ८६ किलो झाले तेव्हा शहरातल्या एका आहार-केंद्रात नाव घातले, तिथल्या पुड्या पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ प्यायलो, दुपारी उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि दहा महिन्यांत चौदा किलो उतरवले. पुड्या संपल्यावर काय खायचे, हे केंद्रात कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घरात रोज जे शिजत होते ते मी दहा महिने फक्त टाळले होते. ते किती आणि कसे खावे, हे शिकलो नव्हतो. त्यामुळे पुन्हा घरच्या पाटावर बसलो तेव्हा जुन्याच सवयीने बसलो, आणि आठ महिन्यांत नऊ किलो परत आले.

दुसऱ्या वेळी तेच वजन उतरवायला वर्षाहून अधिक काळ लागला, पण गेली चार वर्षे काटा ७३ ते ७५ च्या दरम्यान आहे. या वेळी कोणाचा तक्ता आणला नव्हता. आमच्याच स्वयंपाकघरात कोणते खाणे मला वर्षानुवर्षे जमेल, याचा शोध घेतला होता. तो शोध कसा घ्यावा, हे ज्यांचे वजन उतरले आहे किंवा उतरत आले आहे त्यांच्यासाठी पुढे लिहिले आहे.

शरीर मागे का ओढते

रिकाम्या गाडीला बैलाचा जोर कमी लागतो, तशी हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च सुमारे २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र किलोमागे सुमारे १०० कॅलरींनी वाढू पाहते. माझ्या चौदा किलोंचा हिशेब मांडला, तर रोजचा खर्च २८० ते ४२० कॅलरींनी कमी झाला, म्हणजे दीड-दोन लहान भाकऱ्यांची गरज कायमची संपली. भुकेची ओढ त्याच्या कितीतरी पट अधिक राहिली. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी ऊर्जेचा आहार दिला होता. वर्षभरानंतर तपासले तेव्हाही त्यांच्या रक्तातली भुकेशी संबंधित संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती: पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन कमीच होते आणि भूक जागवणारे घ्रेलिन वाढलेलेच होते.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, वजन परत आले की घरचे, शेजारचे आणि स्वतः तो माणूसही सगळा दोष जिभेला देतो. जिभेचा दोष नसतोच असे मी म्हणणार नाही. पण शरीराची ही ओढ जमेस धरल्याशिवाय आखलेले कोणतेही खाणे टिकत नाही. राखणीच्या काळातले खाणे पूर्वीपेक्षा थोडे कमी ऊर्जेचे, तरीही पोट भरणारे, आणि कंटाळा न येता अनेक वर्षे खाता येईल असे असावे लागते.

असे खाणे कोणते, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्टोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला कमी चरबीचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर पाळायला सांगितला होता. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांचे सरासरी वजन जवळजवळ सारखेच, पाच-सहा किलोंनी उतरले होते. खरा फरक गटागटांत नव्हता, माणसामाणसांत होता. एकाच गटात काहींचे पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर काहींचे उलट वाढले. कोणाला कोणता आहार लागू पडेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिनच्या चाचणीवरून आधी ओळखता येते का, हेही त्यात तपासले गेले आणि तसे ओळखता आले नाही. त्यामुळे स्वतःवर करून पाहण्याला पर्याय नाही.

चौदा दिवसांची चोपडी

सुरुवातीचे चौदा दिवस खाण्यात कोणताही बदल करू नये, फक्त लिहावे. दुकानात रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये, असे मला वाटले होते, पण पहिल्या चार दिवसांतच लक्षात आले की मी जेवण तेवढे लिहीत होतो आणि खाणे विसरत होतो. गिऱ्हाइकाबरोबर घेतलेला चहा, संध्याकाळी दुकानात आलेले भडंग, नातवाने ताटात टाकलेली अर्धी चपाती, भाजी चाखताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, यांपैकी एकही गोष्ट चोपडीत नव्हती. म्हणून तोंडात जे गेले ते लगेच, जागच्या जागी लिहावे. वेळ, पदार्थ, भांड्याचे माप (वाटी, पळी, चमचा), खाण्यापूर्वी खरोखर भूक होती की नाही, आणि कोणाबरोबर खाल्ले, एवढ्या पाच गोष्टी पुरतात. कॅलरी लिहिण्याची गरज नाही.

भांड्याच्या मापाबद्दल मात्र काटेकोर राहावे. "दोन भाकऱ्या खाल्ल्या" या वाक्याला आमच्या भागात काहीच अर्थ नाही. शहरातल्या घरात एका ज्वारीच्या भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते आणि तिच्यातून साधारण २०० कॅलरी मिळतात. अथणीला दिलेल्या माझ्या बहिणीच्या घरची भाकरी मी एकदा हट्टाने वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा तिला शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ लागत असल्याचे दिसले. तिच्या दोन भाकऱ्या म्हणजे माझ्या साडेतीन. (तिला हा प्रयोग मुळीच आवडला नाही.) स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा काहीशे रुपयांत मिळतो. तो रोज वापरण्याची गरज नाही. आपल्या घरच्या भाकरीचे पीठ, भाताची वाटी आणि उसळीची पळी एकदा मोजून घेतली की पुढे डोळ्याला सवय होते.

तेल माणशी मोजता येत नाही, म्हणून ते डब्यावरून मोजावे. आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत होते. पाच लिटर तेलाचे वजन सुमारे ४,६०० ग्रॅम भरते. त्याला चार माणसांनी आणि तीस दिवसांनी भागले की माणशी रोज ३८ ग्रॅम येते, आणि एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असल्याने ते सुमारे ३४० कॅलरींचे होते. फोडणीची पळी बदलून चमचा आणल्यावर आणि आठवड्यातून दोनदा होणारी मिरची भजी एकदाच होऊ लागल्यावर तोच डबा साडेतीन लिटरवर आला. माणशी शंभर कॅलरी कमी झाल्या आणि ताटात एकही पदार्थ कमी झाला नाही. चोपडीतून मला मिळालेली सर्वांत मोठी वसुली हीच.

दुसरी वसुली साखरेची होती. दिवसाचे चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दिवसभरातली साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगितले आहे; माझा सगळा वाटा चहातच संपून वर चढत होता. बिनसाखरेचा चहा मला जमला नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन चहा आणि प्रत्येकी एक चमचा साखर, यावर मी थांबलो आणि तिथेच टिकलो.

काय सोडायचे नाही, ते आधी ठरवावे

चोपडी भरली की बहुतेक लोक तिच्यातले काय खोडायचे हे पाहू लागतात. मी उलट सुचवतो: ज्याच्याशिवाय आपल्याला जेवल्यासारखे वाटत नाही, अशा दोन-तीन गोष्टींवर आधी खूण करावी आणि त्यांना हात लावू नये.

आमच्या जिल्ह्याचे ताट एक नाही. पश्चिमेकडे खानापूरच्या रानात पाऊस भरपूर, त्यामुळे तिथे दोन्ही वेळ भात आणि जोडीला नाचणी. पूर्वेकडे अथणी, रायबाग, गोकाककडे ज्वारी, जिला कानडी शेजारी जोळद रोट्टी म्हणतात. आणि निपाणी-चिकोडीकडे भाकरीबरोबर कोल्हापुरी वळणाचा झणझणीत रस्सा. माझी बायको खानापूरची आहे. तिला भात सोडायला सांगणे म्हणजे तिचे माहेर सोडायला सांगणे, आणि मला ज्वारीची भाकरी आणि कारळ्याची चटणी सोडता येत नाही. भात वजन वाढवतो आणि भाकरी उतरवते, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. ज्वारीत तंतू अधिक असतात आणि भाकरी चावायला वेळ लागतो, त्यामुळे ती पोटाला अधिक काळ आधार देते हे खरे. परंतु भाकरीबरोबर तेल घालून कालवलेली शेंगदाण्याची चटणी चार चमचे घेतली, तर तो फायदा तिथेच संपतो, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या आसपास कॅलरी असतात. उलट शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १३० च कॅलरी असतात. त्यामुळे भात खाण्यास हरकत नाही. मात्र त्याचा डोंगर करू नये आणि ताटात तो पहिला घेऊ नये.

बायकोने केलेला बदल एवढाच होता. पूर्वी ती आधी आमटी-भात आणि नंतर भूक उरली तर भाजी खात असे; आता आधी उसळ, भाजी, कोशिंबीर आणि मग मोजून दीड वाटी भात. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शनात अर्धे ताट भाज्या आणि फळांनी भरलेले असावे असे म्हटले आहे, आणि आमच्या बाजारात ते कठीण नाही. अंबाडी, मेथी, शेपू, दोडका, भोपळा, गवार, नवलकोल, आणि पावसाळ्यात खानापूरकडून येणाऱ्या रानभाज्या यांतले काही ना काही स्वस्त असतेच. भरली वांगी तेलात पोहत नसतील तर तीही चालतात.

भुकेला सर्वांत चांगला आवर घातला तो कडधान्यांनी. मटकी, हुलगे, मूग, मसूर आणि बाजारात अळसंदे म्हणून मिळणारी चवळी यांच्या ३० ग्रॅम कोरड्या दाण्यांतून साधारण ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. आमच्या घरी पूर्वी चार जणांच्या आमटीला मूठभर तूरडाळ पडत असे. ती आमटी चवीला उत्तम होती, पण तिच्यात डाळीपेक्षा पाणीच अधिक असल्याने रात्री साडेदहाला मी पुन्हा डबे उघडत असे. आता रात्रीच्या जेवणात माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी किंवा हुलगे भिजत पडतात. हुलग्याचे माडगे पावसाळ्यात फार बरे वाटते. रविवारचे मटण आम्ही बंद केलेले नाही. रश्श्यावरचा तवंग तेवढा पळीने काढतो, आणि त्यावर घरात दर रविवारी एक टोमणा ऐकतो.

खर्चाचाही विचार येथेच करावा. ज्या घरात रेशनचा तांदूळ येतो त्या घरात ओट, बदाम आणि परदेशी बियांवर उभा केलेला आहार पहिल्या तीन महिन्यांतच मोडतो, आणि तो मोडल्याचा दोष पुन्हा माणसाच्या निग्रहावर येतो.

एका वेळी एकच बदल, तीन आठवडे

आता प्रयोग. चोपडीतून जे चार-पाच बदल सुचतील त्यांतला एकच घ्यावा आणि तीन आठवडे चालवावा. तीन आठवड्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या बदलामुळे पुढच्या जेवणापर्यंत भूक थांबली का? माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक न करता हे घरात जमले का? पाहुणे आले, दुकानात उशीर झाला किंवा प्रवास घडला, त्या दिवशीही हे पाळता आले का? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर तो बदल कायम ठेवावा. एकही नकार आला, तर बदल कितीही शास्त्रशुद्ध असला तरी सोडून द्यावा किंवा त्यात फेरफार करून पुन्हा पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाकडे पुरुषांनी विशेष लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या वेळी बायकोने दहा महिने घरासाठी एक आणि माझ्यासाठी एक अशा दोन भाज्या केल्या. ती कंटाळली, आणि तिचा कंटाळा बरोबरच होता. दुसऱ्याच्या कष्टांवर उभे असलेले पथ्य त्या कष्टांइतकेच टिकते. यावेळी अट अशी ठेवली की चुलीवर एकच स्वयंपाक होईल आणि मी फक्त माझ्या ताटातली मापे बदलीन.

माझे फसलेले प्रयोगही सांगतो, कारण त्यांतून अधिक शिकता येते. संध्याकाळी सातनंतर न खाण्याचा नेम मी दोनदा धरला. आमच्या भागातल्या जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत आहे. शेजारचे अण्णा साठी उलटूनही सडपातळ आहेत आणि ते त्याचे श्रेय या रीतीला देतात. पण त्यांचे सगळे घर सहाला जेवायला बसते, त्यांची सूनही त्या वेळेला स्वयंपाक उरकते आणि सणावारालाही वेळ बदलत नाही. माझे दुकान साडेआठला बंद होते आणि आम्ही सगळे एकत्र बसतो ते एकच जेवण म्हणजे रात्रीचे. मी सात वाजता दुकानात डबा उघडून खात असे आणि नऊ वाजता घरच्यांबरोबर "थोडेसेच" म्हणून पुन्हा बसत असे. दोन जेवणांचे तीन झाले आणि तीन आठवड्यांत वजन वाढले. अण्णांची रीत उत्तमच आहे, पण ती माझ्या घराला बसत नाही.

जमलेला प्रयोग नाश्त्याचा होता. सकाळी पोहे किंवा उप्पीट खाऊन अकराला भूक लागायची आणि तेव्हा दुकानाशेजारच्या हॉटेलातला वडा यायचा. नाचणीची ताकातली आंबील आणि दोन उकडलेली अंडी यांवर मी दीड वाजेपर्यंत राहू शकतो, हे दुसऱ्याच आठवड्यात कळले. ज्या वारी घरात अंडी चालत नाहीत, तेव्हा भिजवलेले मूग असतात. हाच नाश्ता माझ्या मुलाला मात्र चालत नाही; त्याला सकाळी दोन चपात्या लागतात आणि त्या खाऊन तो दुपारी कमी जेवतो.

वर्षभरात मी असे अकरा बदल करून पाहिले आणि त्यांतले पाच टिकले. पाच पुरेसे आहेत.

यात्रा, लग्न आणि उपवास

रोजचे खाणे बसले तरी वर्षाचे पंचांग उरतेच. गावच्या यात्रेचे मटण, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पडली (देवीच्या नैवेद्याची परडी) भरताना केलेल्या पुरणपोळ्या आणि कडबू, लग्नातले मांडे, गणपतीचे मोदक, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी आणलेल्या कुंद्यातला (बेळगावची दुधाची मिठाई) घरी उरलेला पाव किलो. हे सगळे नाकारून आमच्या भागात माणूस म्हणून राहता येत नाही, आणि राहूही नये. मी दिनदर्शिकेवर असे दिवस आधीच तांबड्या शाईने गोल करतो. पहिल्या वर्षी ते बत्तीस निघाले. उरलेले ३३३ दिवस सांभाळले तर बत्तिसांनी फारसे बिघडत नाही. बिघाड होतो तो यात्रेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, उरलेल्या पोळ्यांच्या डब्यामुळे. म्हणून मी दोन नियम पाळतो. जेवण त्या जागी, त्या पंगतीत मनापासून जेवावे, पण डबा घरी आणू नये. आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहून प्रायश्चित्त घेऊ नये, तर सकाळच्या नेहमीच्या आंबिलीवर परत यावे. कारण उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी भडंगाच्या डब्यावर तुटून पडतो, हे चोपडीने मला तीनदा दाखवले आहे.

आग्रह हा आमच्याकडचा निराळाच विषय आहे. "नको" म्हटले की वाढणारीचा हात आणखी पुढे येतो. त्याऐवजी "काकू, आधी थोडंच वाढा, लागलं तर मी मागून घेतो की" असे म्हणावे आणि एकदा खरोखर काहीतरी मागून घ्यावे, म्हणजे कोशिंबीर किंवा ताक. वाढणारीला समाधान मिळते आणि पान आपल्या हातात राहते.

उपवासाबद्दल लोकांची मोठी गैरसमजूत आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम शेंगदाणे आणि दोन चमचे तूप घातलेल्या एका बशी खिचडीत ४४० च्या आसपास कॅलरी होतात, आणि तिच्याने दोन तासांत पुन्हा भूक लागते. सोमवार आणि चतुर्थी दोन्ही धरणाऱ्याचे वजन उपवासानेच वाढू शकते. वरीचा भात, दही, काकडी, राजगिऱ्याची भाकरी आणि एखादे फळ यांवर तोच उपवास अधिक हलका आणि अधिक खराही होतो.

काटा, टेप आणि चालणे

राखणीच्या काळात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे आणि लिहावे. तेरा-साडेतेरा किलोंहून अधिक वजन उतरवून ते वर्षाहून अधिक काळ राखलेल्या हजारो लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात आणि जवळजवळ नव्वद टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. ही नोंद स्वेच्छेने नाव घातलेल्यांची आहे, त्यामुळे तिच्यातून कारण सिद्ध होत नाही; पण ज्यांना हे जमले त्यांच्या सवयी कळतात.

आपल्या वजनाच्या वर दोन किलोंवर एक रेघ ठरवावी. पंगतीनंतरच्या सकाळी काटा एक-दीड किलोने वर जातो, तो बहुतांश मीठ आणि पिठूळ पदार्थांबरोबर धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो आणि चार दिवसांत उतरतो. त्याने घाबरू नये. मात्र लागोपाठ दोन आठवडे वजन रेघेच्या वर राहिले, तर नवे पथ्य न शोधता चौदा दिवस पुन्हा चोपडी लिहावी. माझ्या बाबतीत दर वेळी निघालेले कारण जुनेच होते: चहा पुन्हा चारवर गेलेला किंवा फोडणीत पुन्हा पळी आलेली. काट्याबरोबर महिन्यातून एकदा कंबरेला टेप लावावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते.

चालण्याचा उपयोग वजन उतरवण्यापेक्षा ते राखण्यात अधिक होतो. मी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पाऊण तास चालतो, पण जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात ते जमत नाही आणि पहिली दोन वर्षे माझे वजन बरोबर याच चार महिन्यांत चढले. आता पावसाळ्यात दुकानाचा जिना, घरातल्या उठाबशा आणि पाण्याने भरलेल्या दोन कळशा यांवर भागवतो. स्नायू राखण्यासाठी वजन उचलणे वर्षभर करणेच योग्य.

डॉक्टरांना विचारूनच

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी किंवा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, नाहीतर रक्तातली साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास कडधान्ये आणि अंडी स्वतःहून वाढवू नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे प्रयोग करूच नयेत, आणि ज्यांना लपून, ताबा सुटून खाण्याचा त्रास आहे त्यांना चोपडीने आणि काट्याने अपाय होऊ शकतो. त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही सहज मिळू लागली आहेत. ती अनेकांना उपयोगी पडतात, परंतु त्यांतलेच एक औषध, सेमाग्लुटाइड, बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. त्यामुळे ती घेणाऱ्यानेही ताटाचा शोध त्याच काळात सुरू करावा, आणि इंजेक्शन कधी व कसे थांबवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

एकदा सापडलेले ताट जन्मभर तसेच राहत नाही. वय वाढते, गुडघे दुखू लागतात, घरातली माणसे कमी-जास्त होतात, आणि प्रत्येक वेळी मापे थोडी हलतात. म्हणून चौदा दिवसांची चोपडी मी दरवर्षी एकदा, तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारपासून लिहितो. या वर्षी सर्वांत आधी तेलाचा डबा मोजायचा आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून घरात जेवणारी माणसे चाराऐवजी तीन आहेत आणि साडेतीन लिटर तेल मात्र पूर्वीइतक्याच दिवसांत संपते आहे.